नकाराची मोकळीक
(सुवार्ता आणि सेवा या विषयावरील अभ्यासपुस्तिकेची प्रस्तावना)

पुण्याच्या मंडईतून पूर्वेकडे चालत निघाले की दहा-पंधरा मिनिटांत गुरुवार पेठेतल्या पंचहौदापाशी पोहोचता येते. तिथे पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा आहे. मंडईच्या उत्तरेला, पाच-सात मिनिटांवर भिडेवाड्याची जागा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती तिथे. दोघांचे राहते घर गंज पेठेत, तेही पायी जाण्याच्या अंतरावर. मंडईची अष्टकोनी इमारत 1886 मध्ये उभी राहिली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांवरून तिला रे मार्केट म्हणत. या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले.

शहराच्या या एवढ्याशा तुकड्यात मराठी ख्रिस्ती समाजाचा एक जुना प्रश्न वाढला. ख्रिस्ताविषयी बोलायचे की माणसांची सेवा करायची? दोन्ही करायचे तर एकाच माणसाच्या एकाच दिवसात ती दोन्ही कशी बसवायची? ही पुस्तिका त्या प्रश्नाविषयी आहे. पाळकांसाठी किंवा संस्था चालवणाऱ्यांसाठी ती लिहिलेली नाही. सकाळी गाळा उघडणारे, वॉर्डात रात्रपाळी करणारे, शाळेत शिकवणारे, रिक्षा चालवणारे आणि रविवारी उपासनेला बसणारे जे लोक आहेत, त्यांच्या हाती ती द्यायची आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये या प्रश्नावरून दोन गट पडलेले दिसतात. एका गटाला पत्रिका वाटल्याशिवाय, निदान एखाद्याला प्रार्थनासभेचे आमंत्रण दिल्याशिवाय आठवडा वाया गेल्यासारखे वाटते. दुसरा गट रक्तदान शिबिर भरवतो, शाळेच्या वह्या वाटतो, आजाऱ्यांना डबे पोहोचवतो आणि ख्रिस्ताचे नाव तोंडातून निघू नये याची काळजी घेतो. पहिल्यांना दुसरे भित्रे वाटतात, दुसऱ्यांना पहिले आगाऊ. नाताळच्या कार्यक्रमात दोघे एका मांडवात येतात, जेवतात आणि आपापल्या मतासह घरी जातात.

नव्या करारात या भांडणाला आधार सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्याच्या कामी सात माणसे नेमली जातात. प्रेषितांना वचनाच्या सेवेसाठी वेळ मिळावा म्हणून ही वाटणी झाली, हे आपण नेहमी सांगतो. त्या सातांपैकी दोघांचे पुढे काय झाले, हे मात्र सांगायचे राहून जाते. स्तेफनाने ख्रिस्ताविषयी बोलून प्राण दिला आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगू लागला. अन्न वाढायला नेमलेली माणसेच बोलती झाली. दुसरीकडे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी मिळाली म्हणून मागे आलेल्या लोकसमुदायाला येशू त्यांच्या येण्यामागचा हेतू तोंडावर सांगतो. त्याने भाकरी दिली होती, तीही काही न मागता. पण भाकरीच्या जोरावर शिष्य गोळा करायला तो तयार नव्हता. तो अध्याय संपेपर्यंत बरेच जण त्याला सोडून जातात आणि तो कुणालाही अडवत नाही. उरलेल्या बारांनाही तो विचारतो, तुम्हालाही जायचे आहे का? माझ्या मते सेवा आणि सुवार्ता यांचा संबंध समजून घ्यायला हा अध्याय सर्वांत उपयोगी आहे आणि आपण तो फक्त प्रभुभोजनाच्या संदर्भात वाचतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा दिली ती पंडिता रमाबाईंनी. म्हणून पुस्तिकेचा मोठा भाग त्यांच्यावर आहे आणि या प्रस्तावनेचाही.

रमाबाई 1882 मध्ये पुण्यात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या विधवा होत्या, कडेवर मनोरमा. त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि मिशनच्या एका शिक्षिकेकडे इंग्रजी व नवा करार शिकायला सुरुवात केली. पंचहौदात काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेज मठाच्या सिस्टरांशी त्यांची ओळख झाली ती याच काळात. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅम भागात सिस्टरांनी चालवलेले, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचे घर त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांची कुणी काळजी घेते, हेच त्यांना नवे होते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी सिस्टरला विचारले. उत्तरादाखल सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या साक्षीत ही घटना स्वतः लिहून ठेवली आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या घटनेतला क्रम पाहण्यासारखा आहे. काम आधीपासून चालू होते आणि ते रमाबाईंना दाखवण्यासाठी चाललेले नव्हते. प्रश्न रमाबाईंनी विचारला. मग शब्द आले, आणि आले तेव्हा ते पुरते स्पष्ट होते. सिस्टर ख्रिस्ताचे नाव टाळून मानवतेविषयी गोलमोल बोलली नाही. ज्या बाईला हे सांगितले ती विदुषी होती, संस्कृत शास्त्रांत वाढलेली होती, नाही म्हणायला कुणाला भिणारी नव्हती. बाप्तिस्म्यानंतरही वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई पुनःपुन्हा बजावतात की आपल्या विवेकबुद्धीवर कुणाची हुकमत चालणार नाही. सांगणारीने मोकळेपणी सांगितले आणि ऐकणारीला नाकारण्याची पूर्ण मोकळीक होती. सुवार्ता सांगण्याची याहून निर्मळ परिस्थिती मला ठाऊक नाही.

पुढे रमाबाई स्वतः देणाऱ्याच्या जागी आल्या तेव्हा तीच गोष्ट फार अवघड झाली. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. उच्चवर्णीय बालविधवांना तिथे राहण्याची व शिकण्याची सोय होती. त्यांचे सोवळेओवळे पाळले जाई, स्वयंपाक वेगळा होई. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते आणि त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार झाली होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. ऑगस्ट 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

ख्रिस्ती घरांत ही हकिकत रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगतात, इतरत्र त्यांनी केलेल्या विश्वासघाताची म्हणून. मला दोन्ही कथने अपुरी वाटतात. रमाबाईंनी दार लावून प्रार्थना करावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होते. आपण कोण आहोत हे त्यांनी कधीही लपवले नव्हते आणि देवाशी बोलणे हा काही चोरून करण्याचा व्यवहार नव्हे. पण सल्लागारांच्या आक्षेपालाही वजन होते आणि ते आपण मान्य केले पाहिजे. त्या खोलीत येऊन बसणाऱ्या काही मुली बारा-चौदा वर्षांच्या होत्या. सासरी जागा नाही, माहेरी ओझे, डोक्यावर छप्पर होते ते याच बाईंचे. रमाबाईंनी कुणावर सक्ती केली नाही, याविषयी मला शंका नाही. तरीही जिच्या घरात अन्न आणि अक्षर मिळते तिचा देव नाकारणे बारा वर्षांच्या मुलीला किती शक्य असते? देणाऱ्याचे मन कितीही स्वच्छ असले तरी घेणाऱ्याचे अवलंबून असणे त्याने पुसले जात नाही.

शारदा सदनात नकाराला जागा होती याचाही एक पुरावा इतिहासात आहे. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिल्या. मार्च 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया, झाल्या. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यातून पुढे हिंगण्याचे सारे काम उभे राहिले. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. रमाबाईंच्या सेवेचे हे फळ कुठल्याही मंडळीच्या नोंदवहीत चढले नाही. जोतीरावांचेही तसेच. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीत मिशनरी शिक्षिकांचा वाटा होता, तरी दोघांनी बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुण्यात गदारोळ झाला तेव्हा 1885 च्या आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते. बाप्तिस्म्यांच्या आकड्यावर सेवेचे यश मोजणाऱ्यांनी या दोन घरांचा विचार करावा.

रमाबाईंची पुढची वाट केडगावची. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या त्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती हजाराच्या वर गेली. तिथे विणकाम होते, तेलघाणा होता, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई, वृद्ध स्त्रियांसाठी आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी वेगळी सदने होती. इथे मात्र धर्माबद्दल तटस्थतेचे वचन दिलेले नव्हते. मुक्ती हे उघडउघड ख्रिस्ती घर होते आणि ते कुणालाही ठाऊक होते. 1905 मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली आणि मुलींचे गट प्रार्थना व साक्ष घेऊन आजूबाजूच्या गावांत गेले. उरलेल्या आयुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रिया करीत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि छापील ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. निराधार बाईच्या हाताला काम आणि सामान्य वाचकाच्या हाती वचन, या दोन गोष्टी त्या छापखान्यात एकाच टेबलावर होत होत्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 1897 च्या प्लेगमध्ये सरकारी रुग्णालयात व विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या सदनातली एक मुलगी तिथून नाहीशी झाली होती. गव्हर्नरांनी आरोप नाकारला. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर जिचे काम चालले होते ती ख्रिस्ती बाई ख्रिस्ती सरकारविरुद्ध बोलत होती. सेवेत हेही येते. आपल्या समाजाला डबे वाटायला जमते, तक्रार अर्ज लिहायला जमत नाही. कुणाची मजुरी बुडवली जात असेल, कुणाला रेशनकार्डासाठी हेलपाटे घालायला लावले जात असेल, तर त्याच्यासोबत कार्यालयात जाऊन उभे राहणे ही सेवा खिचडी वाटण्याहून कमी नाही.

रमाबाई मोठ्या होत्या, आपण सामान्य माणसे, असे म्हणून सुटका करून घेण्याची आपल्याला सवय आहे. ती सवय लागण्याला एक ऐतिहासिक कारणही आहे. मिशनच्या काळात सुवार्ता सांगायला पगारी सुवार्तिक होते, बायबलबाई होत्या. सेवेला मिशनचे दवाखाने आणि बोर्डिंगे होती. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, त्याची कीर्ती देशभर गेली आणि आपण सर्वांनी त्याचा अभिमान बाळगला. पण बोलण्याचे काम एका पगारदाराकडे आणि सेवेचे दुसऱ्याकडे गेल्यावर बाकीच्यांकडे उपासनेला हजर राहणे एवढेच उरले. हा धोका नारायण वामन टिळकांनी ओळखला होता. त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने यावेत, असा त्यांचा विचार होता. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार मागे पडला. आज मिशनरी गेले, पगारही आटले. कामे पगारदारांची ही समजूत मात्र आपल्यात तशीच आहे.

जगभरच्या मंडळ्यांनीही यावर पुष्कळ विचार केला आहे. 1974 मध्ये लोझान येथे जमलेल्या सुवार्तावादी ख्रिस्ती नेत्यांनी जॉन स्टॉट यांच्या पुढाकाराने एक करारनामा केला. सामाजिक जबाबदारीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल त्यात पश्चात्ताप व्यक्त केला आहे आणि सुवार्ता व समाजकार्य ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये मानली आहेत. कॅथलिक मंडळीने त्याआधी, 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात सांगितले की श्रद्धेचा प्रसार करताना सक्ती किंवा अनुचित आर्जव यांचा वासही येता कामा नये, आणि समोरचा गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा तर ही काळजी जास्त घ्यावी. आपल्या राज्यघटनेचे कलम 25 धर्माच्या प्रसाराचा हक्क देते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यातल्या अनेकांना हा निर्णय टोचतो. मला व्हॅटिकनची ओळ त्याहून कडक वाटते, कारण ती कायद्याच्या भीतीने लिहिलेली नाही.

या सगळ्यातून मी ज्या मताला आलो ते या पुस्तिकेचे सूत्र आहे. समोरच्याला आपल्याला नाही म्हणणे सहज शक्य असेल तिथे ख्रिस्ताविषयी मोकळेपणी बोलावे. नाही म्हणणे त्याला परवडणार नसेल तिथे सेवा करावी आणि श्रद्धेविषयीचे बोलणे त्याने विचारेपर्यंत थांबवावे. मंडईत मेथीची जुडी पसंत पडली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जाते, कुणी कुणाचा हात धरत नाही. श्रद्धेविषयीचे संभाषण अशा मोकळ्या जागेत व्हावे.

रोजच्या जीवनात याचे अर्थ अगदी नेमके निघतात. शेजारचा गाळेधारक, ऑफिसातला सहकारी, वर्गमित्र, व्याही यांच्याशी बोलायला आपण बिचकतो. वास्तविक तेच आपल्याला बरोबरीने उत्तर देऊ शकतात, वाद घालू शकतात, विषय बदलू शकतात. उलट घरी भांडी घासायला येणारी मावशी, वॉर्डातला रुग्ण, आपल्याकडून उसने पैसे घेतलेला हमाल, शिकवणीला येणारी वस्तीतली मुले यांच्यापुढे आपल्याला कंठ फुटतो, कारण तिथे विरोध होत नाही. हे उलटे व्हायला हवे. परिचारिकेने रुग्णासाठी मनात हवी तितकी प्रार्थना करावी. मोठ्याने करायची तर आधी विचारावे आणि नको म्हटल्यावर शुश्रूषेत तसूभर फरक पडू देऊ नये. मावशीला आगाऊ पगार द्यावा आणि त्याच महिन्यात सभेला बोलावू नये. वस्तीत शिकवणी काढायची तर काढणारे ख्रिस्ती आहेत हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावे. आत एक हेतू आणि पाटीवर दुसरा, अशाने सेवाही नासते आणि सुवार्ताही.

थांबणे म्हणजे कायमचे गप्प राहणे नव्हे, हेही तितक्याच जोराने सांगायला हवे. फुलहॅमच्या सिस्टरला रमाबाईंनी विचारले तेव्हा तिच्याकडे उत्तर तयार होते. आपल्यापैकी पुष्कळांना कुणी विचारले की तुम्ही हे का करता, तर आपण लाजून म्हणतो, काही नाही, आपली आवड. विचारणाऱ्याचा तो अपमान आहे. त्याने मनापासून विचारलेले असते आणि आपण त्याला आपल्या आयुष्यातली सर्वांत खरी गोष्ट सांगायचे नाकारतो. पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमातून निघून गोंडांमध्ये राहायला गेलेले व्हेरिअर एल्विन यांनी धर्मप्रसार सोडला आणि 1935 मध्ये मंडळीही सोडली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे, पण ती वाट मला घेता येत नाही. ज्याच्यामुळे सेवा सुचली त्याचे नाव विचारल्यावरही न सांगणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

सेवा आपल्याच पाटीखाली झाली पाहिजे, हा हट्टही सोडायला हवा. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1974 मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली आणि कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात ताजे जेवण मिळू लागले. बाबा सत्यशोधक परंपरेतले. त्यांच्या कामाला ख्रिस्ती शिक्क्याची गरज नव्हती. अशा कामात जाऊन भाजी चिरायला, हिशेब लिहायला आपल्या तरुणांना काय हरकत आहे? तिथे बरोबरीची माणसे भेटतात, बरोबरीच्या गप्पा होतात आणि कुणी कुणाचे मिंधे नसते.

पुस्तिकेतले अभ्यास लहान गटांत वाचण्यासाठी आहेत. माझी एक विनंती आहे. पहिली बैठक भरण्याआधी ही पाने तुमच्या ओळखीच्या, ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. तो शेजारचा गाळेवाला असेल, जुना मित्र असेल. पाने परत देताना त्याने तुम्हाला तोंडावर चार शब्द सुनावावेत, इतके जुने तुमचे संबंध असावेत. कोणते वाक्य खटकले, कुठे भीती वाटली, कुठे राग आला, ते त्याला पेन्सिलीने समासात लिहायला सांगा आणि बैठकीत प्रार्थना झाल्यावर पहिल्यांदा ते समास वाचा.